बटणं इतकी वर का

बावीस वर्षं मी लोकांच्या घरांत
फक्त मीटरपुरता शिरलो.
आकडा लिहायचा, कुत्रं चुकवायचं, पुढचं दार.
त्यामुळं घर बघायचं म्हणजे नेमकं कुठं बघायचं
हे तुम्हाला येत नाही, असं शालन म्हणते.

बापट कॅम्पच्या पुढं, यार्डाच्या मागच्या अंगाला,
एकोणनव्वद सालचं घर.
तीन खोल्या, माडी नाही, मागं सीताफळ.
मगदूम सरांनी नवा रंग दिलाय, पिस्ता,
इतका ताजा की टेकायचं कुठं ते कळेना.

शालननं न्हाणीचा नळ सोडला,
घड्याळ बघत बादली भरू दिली.
मग पदर खोचून, परक्या घरात,
वाकून कोपरा हुंगला.
“ओल आहे.”
“कुठल्या भिंतीला नसते ताई,” सर म्हणाले.
“प्रॉपर्टी कार्ड?”
“स्वच्छ. बोजा नाही. भावाची सही झालीय,
बहिणीची अमावस्या झाली की.”

मी आपला मीटर शोधत होतो. सवय.
मीटर माझ्या डोक्याच्या वर वीतभर,
स्टुलावर चढून वाचावा असा.
हॉलमधली बटणं छातीला.
मिक्सरचा सॉकेट, तोही छातीला.
फ्रीजची वायर भिंतीवरनं वर वर गेलेली,
पाल जाते तशी.

“बटणं इतकी वर का, सर?”
“लहान मुलं होती ना घरात.”

सरांची एकुलती मुलगी पुण्यात, चाळिशीची.
वायर पाच-सहा वर्षांची.
हे मात्र मला येतं.
मी काही बोललो नाही. चहा चांगला होता.

दुसऱ्या खेपेला एकटाच गेलो, रात्री नऊला.
गाड्या कोण कुठं लावतं,
गटाराचा उतार उंबऱ्याकडं की उंबऱ्यापासून,
एवढं बघून निघणार होतो.
यार्डाकडनं गुळाचा वास येत होता, त्यातच नासका कांदा.
कोपऱ्यावर पोरं मॅचवरून भांडत होती,
हरलेल्या तालमीची जास्त जोरात.

समोरच्या पायरीवर अक्काताई चौगुले लसूण सोलत.
“घर बघाय आलासा न्हवं? बघा की.
दिवसा येणारं गिऱ्हाईक भित्ती बघतंय,
रात्री येणारं माणसं बघतंय.”

मी सरळच विचारलं.
त्या उठल्या, सालपटांच्या हातानंच
आपल्या दाराची चौकट धरली.
छातीला.
“पयल्यांदा हितवर. दुसऱ्यांदा जरा कमी.
कुंभारांचं बिनरंगाचं गणपती आमच्या गच्चीत.
छत्तीस. मी मोजल्यात. डोळं न काढल्यालं.
तुमचं सर बी तितंच निजलं, दोन मूर्तींच्या मधी,
अन् आपली चादर त्यास्नीच घातली.
दिवाबत्ती न्हाई, कायबी न्हाई,
सकाळी आम्हाला ओळखू येईना, माणूस कुठला आन् माती कुठली.”

“म्हणून विकतायत?”
“न्हाई ओ. पाण्याला कोण भितंय.
बाई गेल्या. आन् सरांचा खांदा धरलाय.
लाईट गेली की त्या वरच्या मेनपत्तोर हात पोचंना.
मग बसत्यात अंधारात. आमचं पोरगं जाऊन बटण वर करतंय.”

घरी येऊन शालनला सांगितलं.
ती भाकरी थापायची थांबली.
पिठाचा हात छातीशी आडवा धरला,
जरा वर, जरा खाली,
शिंप्याला माप दाखवावं तशी.

“किती कमी करतील?”
“दोन लाख. विचारलं तर.”
“विचारणार हाय काय?”
मी पाण्याचा तांब्या उचलला, परत ठेवला.

तिनं तवा उतरवला. साडीवर पिठाची
आडवी पांढरी रेघ तशीच.
“आणि चौगुलेबाईंचा जिना,” म्हणाली,
“आतनं आहे, का बाहेरनं?”