खाच

नबीलालनं बजावलं होतं, दोन्ही एकदम काढू नको,
नाहीतर बसशील गाडी उचलत.
म्हणून आधी डावा.
डबल स्टँड, मागच्या चाकाखाली वीट.

खालचा नट गंजून एकजीव.
रात्रभर डिझेल पाजलं, सकाळी पान्याला पाइप लावला.
कट्ट झालं.
शालन म्हणाली, हाड मोडलं का?
नाही. सुटला.

डावा उजव्यापेक्षा जास्त गळालेला.
बारा वर्षं ती एका अंगाला बसते.
हे मी बोललो नाही.

नव्या शॉकअपला पाच खाचा.
कितवीवर ठेवायचं ते वजनावर.
विचारलं.
पिठाच्या हातांनी कॅरिअर धरून उभी होती,
म्हणाली, तिसरीवर ठेव आणि गप बस.

मग रहिमतपूरचा रस्ता, फाटकापर्यंत.
ब्रेकर आला, गेला.
दुसरा.
उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेला तो पट्टासुद्धा.
दरवेळी माझ्या खांद्यावर पडणारा हात
तिच्याच मांडीवर, पिशवी धरून.
"बरं झालं की," ती म्हणाली, "कळतच नाय."

घरी आलो. ती आत गेली.
मी हुकाचा पाना घेतला
आणि दोन्हीकडं
एक खाच कडक केली.