हिरवेपणाची जाडी

एर्मेलिंदाबाय बाल्कांवातूनच म्हणाली,
'छातीएवढं कर. मला रस्ता दिसू दे.'
फेरीबोटीतून उतरलेली माणसं
दिवाडीच्या या वळणावरून कशी जातात,
कुणाच्या पिशवीत बांगडे, कुणाकडे नुसतीच छत्री,
सतरा वर्षं तिला फक्त चपला ऐकू येतात.

कुंपण मोरपंखीचं. कायतानसाहेबांनी लावलेलं.
बावीस रोपं, एकेका वितीवर.
दोन हात सोडायला हवे होते,
पण नवं कुंपण विरळ दिसतं
आणि माणसाला तेवढा धीर नसतो.
येणारे-जाणारे घरात डोकावतात, हे त्यांना खपत नसे.
आता ते टेकडीवरच्या सिमितेरीत
आणि कुंपण दोन पुरुष उंच.

मी शिडी लावली. कातर तिला टेकवून ठेवली.
घरच्या माणसाची कातर ही, पंचायतीच्या बागेतली;
मुठी त्याच्या हाताच्या, मला अजून मोठ्या होतात.
आधी हात आत घालायचा, हे त्यानंच शिकवलेलं.

कोपरापर्यंत गेला.
वर वीतभर हिरवं, मऊ,
त्याच्यामागे सगळं तपकिरी, करकरीत.
कोळ्यांची जाळी, बुलबुलाचं जुनं घरटं,
हुमल्यांनी दंडाला घेतलेले दोन चावे,
आणि एक रबरी चेंडू, एका बाजूनं अजून लाल.

'बाय, हे छातीवर आणलं तर परत फुटायचं नाही.'
'पावसात सगळं फुटतं.'
'कुंती असती तर गुडघ्यावर छाटली असती,
चवथीपर्यंत पालवली असती.
जास्वंदीची तर काठी खुपसली तरी चालते.
मोरपंखीचं तसं नाही.
ज्या लाकडावरून पान गेलं
त्या लाकडाला ती पुन्हा ओळख देत नाही.'

ती गप्प. मग मीच बोलत राहिले,
जसं आजाऱ्याच्या घरी बोलतात:
वर्षातून दोनदा, बोटभर, कोवळं असतानाच घ्यायचं असतं.
दोरी बांधून. तळ रुंद, माथा निमुळता,
म्हणजे खालच्या फांदीलाही ऊन पोचतं.
माथा उडवता येईल, बाजू हिरव्या राहतील,
पण तुमची खुर्ची उंचावर,
रोज सकाळी तुम्हाला वरची पोकळीच दिसेल.

'दोनदा बोटभर,' ती म्हणाली.
'सतरा वर्षांत चौतीस बोटं.'
आणि हसली. मला हसू आलं नाही, मी हिशेब करत होते,
तो बरोबर निघाला.

मग काठी टेकत खाली आली,
खुर्चीकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं,
पुन्हा खुर्चीकडे.
'हे,' म्हणाली. 'हे एकच काढ. मुळासकट.'

डावीकडून तेरावं.
खोड माझ्या मनगटाएवढंही नव्हतं,
इतकं उंच झाड, गर्दीत नुसतं वर पळालेलं.
करवतीला घटकाभराचंही काम नाही.
मुळांना मात्र दुपार गेली,
शेजारच्या दोघांनी ती धरून ठेवलेली.

फट पडली. दाराएवढी नाही, खिडकीएवढी.
दोन्ही कडा उघड्या, काटक्यांच्या, मेलेल्या.
'या हिरव्या होणार नाहीत,' मी सांगितलं.
पैसे घेण्याआधी सांगितलेलं बरं.
'राहू दे.'

चेंडू दिला तिला.
तिनं तो दाबून पाहिला, हवा नव्हती.
'रोनाल्दचा,' एवढंच.
आणि पदराला नव्हे, झग्याच्या बाहीला पुसला.

साडेचारच्या फेरीची माणसं आली.
एका परक्या बाईनं चालता चालता मान वळवून
थेट आत पाहिलं,
साहेबांना जे कधी खपलं नसतं.
एर्मेलिंदाबायनं हात वर केला.
बाई गोंधळली. मग तिनंही केला.

मी कातरीला तेल लावत होते.
सव्वापाचची फेरी मला गाठायची होती.
जाताना त्याच फटीसमोरून जावं लागणार,
म्हणून कमरेला खोचलेला पदर सोडला, नीट घेतला.