चुकांचा रकाना

टोलेडोत मे महिन्यातही संध्याकाळी स्वेटर लागतो.
पार्किंगमधून घरी जायच्याऐवजी
मी दिव्यांच्या दिशेनं चालत गेले,
मैदानाचं तिकीट काढलं,
कारण घरी पाळण्याचा खोका होता, भिंतीला टेकवलेला,
आणि निरंजन त्याच्याकडे पाठ करून
वरण गरम करत असणार होता.

बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं.
क्रिकेट येत होतं, ते भावांना
गटारातून चेंडू काढून देण्यापुरतं.
शेजारच्या खुर्चीत बर्नडीन वॉयटास,
वय एक्याऐंशी, गुडघ्यावर वही,
सुताराच्या असते तशी कानामागे पेन्सिल.
मी कोण, कुठली, एकटी का, तिनं विचारलं नाही.
म्हणाली, "तिसऱ्या बेसवरचा तो पोरगा बघ,
डावा पाय जपतोय."
कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा
मी दुसऱ्या कुणाच्या पायाची काळजी केली.

मग जातच राहिले.
सोमवारी संघाला सुट्टी. सोमवार अंगावर येई.
वही घेतली, खोडरबर घेतलं.
शॉर्टस्टॉपला सहा म्हणायचं,
बॅट न फिरवता, नुसता बघत बाद झाला
तर 'के' उलटा काढायचा.
माझे उलटे 'के' फार सुबक येतात, बर्नडीन म्हणते.
नुसतं बघत उभं राहणं मला ठाऊक होतं.

फलकावर तीन रकाने: धावा, फटके, चुका.
चुकांचा रकाना!
सगळ्या गावासमोर, दिव्यांनी लिहिलेला आकडा,
आणि ज्याची चूक तो तिथेच,
टोपी सारखी करतो, वाकतो,
पुढच्या चेंडूची वाट बघतो.
त्याला कुणी घरी पाठवत नाही.

माझ्या चुका मी तोंडपाठ केल्या होत्या.
पपईची एक फोड.
मार्चमधला बर्फ, फावड्यानं, घाईघाईत.
रात्रपाळ्या.
फोनवर आई: "काही जड उचललंस का गं?"
डॉक्टर म्हणाली होती, यात कुणाचीच चूक नसते.
तिच्या मऊ आवाजाची मला चीड आली होती.

जून. सहावी इनिंग.
चेंडू उंच गेला, अगदी निवांत.
दोन बाजूंनी दोघे धावत आले,
"माझा" म्हणायला दोघांनी तोंड उघडलं
आणि दोघांनीही, दुसऱ्यासाठी, मिटलं.
चेंडू मधल्या गवतात पडला.
आवाजसुद्धा नाही.
दोघे त्याच्याकडे बघत राहिले. आमच्यासारखे.

मी 'ई' काढायला घेतला.
बर्नडीननं मनगट धरलं. "थांब. फलक बघ."
फटके सात. चुका शून्य.
"पण झेलता आला असता!"
मी एवढ्यानं ओरडले की पुढच्या रांगेतला माणूस वळला.
"आला असता," ती म्हणाली.
"पण कुणाच्या हाताला लागला नाही ना?
मग चूक लिहीत नाहीत.
पडला. एवढंच."

हॉट डॉगच्या कागदी रुमालात तोंड खुपसून मी रडले.
नाकात मोहरीचा झणका.
ती लिहीत राहिली, तिच्या वहीत आणि माझ्याही,
म्हणून त्या पानावर दोन अक्षरं आहेत.

आता दुसरा उन्हाळा.
तिसऱ्या बेसवरचा पोरगा चांगला खेळला
म्हणून वरच्या संघात गेला.
इथे असंच. चांगले जातात,
आपण पुढच्याचं नाव पाठ करायचं.
निरंजन कधीमधी येतो, शेंगा सोलतो,
नियम त्याला कळत नाहीत, कळून घ्यायचेही नाहीत.
काल त्यानं माझी जुनी वही चाळली,
जूनच्या पानाशी थांबला,
खोडलेल्या 'ई'वर बोट ठेवलं.
"इथे काय होतं?"
सांगते, म्हटलं.
दोन बाद आहेत, एकजण निम्म्या वाटेत आहे,
जरा हा चेंडू होऊ दे.