रुजवात

खानापूरच्या कचेरीत अप्पा एकतीस वर्षं
नकला करायचे.
दप्तरखोलीतलं मूळ बाड बाहेर न्यायचं नाही,
कुणी आमदार येवो की कोर्टाचा बेलीफ.
बाड तिथंच, लाल फडक्यात,
वाळवीच्या औषधाच्या वासात.
बाहेर जाणार तो फक्त उतारा,
तोही तुम्ही सर्व्हे नंबर सांगाल तेवढाच.

मी बेळगावात रक्त तपासते.
पेशीच्या आत तशीच एक खोली असते,
हे पुस्तकाच्या आधी मला
अप्पांच्या खिशावरच्या शाईच्या डागानं शिकवलं.
तिथलं बाड चार अक्षरांत लिहिलेलं,
दोन पदरी, पीळ घातलेलं,
उलगडलं तर दारापेक्षा लांब,
आणि खोली डोळ्याला दिसतसुद्धा नाही.
एका पदरात ए असला की समोर टी, जीसमोर सी,
म्हणून एक पदर फाटला तरी
दुसऱ्यावरून लिहून काढता येतो.
डोळ्याच्या पेशीकडे लाळेचं पानही आहे.
ती ते कधी उघडत नाही.
तिचा नंबर तो नव्हे.

उतारा निघताना एक अक्षर बदलतं,
टीच्या जागी यू.
चूक नाही ती, बाहेरची बोली.
लोंढ्यापासून गोकाकपर्यंत एकच मिरची
किती उच्चारांनी तिखट होते!
मग खोलीबाहेर बसलेला दुभाषी
तीन-तीन अक्षरं वाचत जातो
(उसळ, भाकर, मटण, अशी)
आणि दर शब्दाला एक मणी ओवतो,
'थांब' असं लिहिलेलं दिसेपर्यंत.
माळ आपोआप दुमडते.
तिचं हिमोग्लोबिन होतं, किंवा केस,
किंवा कालची खरचट भरून काढणारं काहीतरी.

परवा भावाच्या मुलीचा रिपोर्ट मीच काढला.
बीटा थॅलेसेमिया, मायनर.
अप्पांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"एकच अक्षर व्हय?"
एकच. जी हवा तिथं सी.
"मग तेवढ्यानं काय हुतंय?"
म्हटलं, कच्च्या उताऱ्यातला नको तो मजकूर
कापून टाकतात ना,
तिथं कात्री चुकीच्या जागी लागते.

बराच वेळ पंख्याचाच आवाज.
मग म्हणाले, ब्याऐंशी साली
हलशीच्या एका नकलेत मी नऊचे सहा केले.
कन्नडात दोघं दिसायला सख्खे भाऊ.
रुजवात घ्यायला पाहिजे होती. घाई होती त्या दिवशी.
तीन गुंठ्यांसाठी तो माणूस सात वर्षं
कचेरीच्या पायऱ्या चढला.
मी रोज बघायचो. बोललो नाही.

मी त्यांचं रक्त घेतलं.
त्याच जागी तोच सी.

"म्हणजे माझ्याकडनंच गेलं."
तुम्ही कुठं लिहिलंत, अप्पा?
तुमच्याकडे आलं ते असंच आलेलं,
त्याच्याआधी कुणाकडे, कुठल्या गावात, कोण जाणे.
या वेळी तुमची नक्कल बरहुकूम होती,
तीच अडचण झाली.

पोरीकडं दुसरी प्रत आहे,
बैलहोंगलच्या आईकडून आलेली, शाबूत.
तिच्या तांबड्या पेशी थोड्या लहान, थोड्या फिकट,
पण ओझं वाहतात.
ती कोंबडीमागं धावून धावून दमली
आणि उंबऱ्यात उभी राहून म्हणाली,
"अज्जा, नीरु दे."

अप्पा रिपोर्टच्या पाठीवर लिहीत होते:
मोठी झाल्यावर, लग्नाआधी,
समोरच्याचंही रक्त तपासून घेणे.
एकदा मराठीत, खाली कन्नडात.
मग बोट ठेवून, अक्षर अक्षर,
वरची ओळ, खालची ओळ.
पोरगी पाणी मागत राहिली.
"थांब," म्हणाले,
"एक ओळ ताडायची राहिलीय."