बारा आण्यांचा मसाला

हेडफोन आला साडेपाच हजारांचा,
सोललेल्या नारळाएवढा जड.
आत केसाहून पातळ पडदा, त्यावर धातूची नागमोडी वाट,
दोन्ही बाजूंना चुंबकांच्या रांगा.
मोबाईलला लावला.
आवाज आला, नाही असं नाही,
पण उपाशी माणसानं आरती म्हणावी तसा.

"व्होल्टेज न्हय रे, करंट जाय ताका,"
कायतान मिस्किता म्हणाला.
म्हापशात मासळी बाजारामागे त्याचं दुकान,
पोट उघडून ठेवलेले रेडिओ, फळीवर झोपलेलं मांजर.
मला ते लगेच कळलं.
अस्नोड्याला एकवीस वर्षं मी पाण्याचे पंप चालवतो.
टेकडीवरच्या टाकीला दाब लागतो,
पण खालच्या वाड्यावर एकदम चाळीस नळ उघडले
की दाब काय चाटायचाय?
पाणी लागतं. भरून.
हा पडदा म्हणजे खालचा वाडा.

मग ॲम्प्लिफायरची स्थळं बघणं सुरू झालं.
पहिलं आगपेटीएवढं, फोनला लोंबणारं,
गोरंगोमटं, पण डग्ग्यावर थाप पडली की धाप लागायची.
दुसरं फोंड्याचं, तळावलीकरांच्या माळ्यावरचा रिसीव्हर,
साठ वॅट, कानशिलं तापवणारा,
आणि गाणं थांबलं की आत भुंगा, घूंऽऽ, अखंड.
तिसरं नवंकोरं, नऊ हजार.
आई म्हणाली, चार आण्याची कोंबडी आणि...
पुढचं तिनं गिळलं.

तुला ऐकायचं काय आहे, हे फक्त कायताननं विचारलं.

एक कॅसेट आहे, म्हटलं.
मयेच्या जत्रेतलं नाटक, सत्त्याऐंशी साल,
भाच्यानं कॉम्प्युटरवर उतरवलेलं.
बाबा त्यात आहेत आणि नाहीत.
बाबा प्रॉम्प्टर.
विंगेत स्टूल, मांडीवर वही, तोंडात टॉर्च धरायचे
आणि गरज पडली तर काढायचे.
त्यांचा आवाज मांडवात पोचला तर काम बिघडलं.
तिसऱ्या अंकात सगुण गावस थांबतो.
चार सेकंद.
अजून लोक सांगतात, काय पॉज घेतला होता सगुणानं!

कायताननं मांजर उचलून बाजूला ठेवलं.
"म्हणटकच तुका व्हडलो नाका. ओगी बसपी जाय."
गप्प बसणारा.
इतके दिवस मी ताकद शोधत होतो.
त्यानं काउंटरखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला,
स्वतः डाग देऊन जोडलेला,
नॉब कुठल्यातरी मेलेल्या रेडिओचा.
सात हजार दोनशे. घासाघीस नाही.

रात्री पंखा बंद केला. फ्रिजचा प्लग काढला.
नॉब अर्ध्यावर नेला.
काहीच नाही.
इतकं स्वच्छ काहीच नाही मी कधी विकत घेतलं नव्हतं.
मग कॅसेटची खरखर, सुपात तांदूळ पाखडल्यासारखी,
मग मांडव, मग तिसरा अंक.
सगुण थांबला.
लांब जनरेटर. कुणाचं तरी मूल.
कागद उलटला.
आणि डाव्या कानात, अगदी आत, घाईनं, जरा चिडून:
"दार मीच उघडं ठेवलं होतं."

मग सगुण, गरजून, तेच.
मग टाळ्या.

सगुण गावस अजून आहे. डिचोलीच्या बाजारात भेटतो,
चवळी निवडत बसलेला असतो.
त्याला सांगायचं नाही, एवढं मी ठरवलं.

आईच्या कानांवर हेडफोन ठेवला. तिला तो मोठा होतो,
दोन्ही हातांनी धरून बसली.
तीनदा ऐकलं. डोळे कॅलेंडरवर.
मग म्हणाली,
पान उलटण्याआधी बोट जिभेला लावायचे.
ते नाही रे येत?

मला पाचला पंप सुरू करायचा होता.
नॉब अजून थोडा
उजवीकडे
फिरवला.