निदान

स्वॉन्झीच्या पालिकेचं काचघर मार्चअखेर बंद होणार.
बॉयलर म्हातारा, गॅसचं बिल तरणंताठं.
ज्याला नाव आहे ते ब्रिस्टलला जाईल,
ज्याला नाही ते खताच्या ढिगावर.
एवढं सांगून ग्विलिमने ऑर्किडमागच्या नळाखालची
कुंडी माझ्या हातात दिली. कुंडी कसली, रंगाचा डबा,
तळाला खिळ्याने पाडलेली भोकं.

एरवी मी इस्पितळात रक्ताच्या काचा बघते.
पेशी मोजते, आकडे लिहिते; निदान डॉक्टर करतात.
शनिवारी इथे. भिंग माझंच, घरून आणलेलं.

तर, नेचा. ग्विलिमच्या भाषेत रेदीन.
खोड आडवं, करंगळीएवढं जाड,
टोकाशी तपकिरी खवले, खवल्यांवर लव.
देठ वाळल्या गवताचा, बुडाशी काळपट.
पान हातभर. नाही, मोजून लिहायचं: एकसष्ट सेंटिमीटर.
कोवळं पान गुंडाळलेलं,
शिंप्याची टेप डबीत परत जाते तसं.
दोन्ही अंगांना पर्णिका, फणीसारख्या कातरलेल्या,
पण अर्ध्यापर्यंतच;
कातरता कातरता कुणीतरी हाक मारली असावी.

पान उलटं केलं. पाठीवर बीजुकांचे पुंज,
राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान, शिरांवर ओळीने,
प्रत्येकावर मूत्रपिंडाच्या आकाराचं झाकण,
आणि झाकणालाही केस.
ग्विलिमला वाटायचं ही कीड आहे.
तीन वर्षं तो ती साबणाच्या पाण्याने पुसत होता.

आता शिरा. पान दिव्यासमोर धरलं.
शेजारशेजारच्या दोन खंडांच्या
सगळ्यात खालच्या शिरा एकमेकींकडे वळतात,
भेटतात, आणि तिथून एकच शीर होऊन
खाचेपर्यंत जातात.
पुस्तकात याचं एकच वाक्य आहे.
मी ते डोळ्यांनी चार वेळा चालून आले.

इथे वाट फुटते.
खालच्या पर्णिका उतरत उतरत बोटभर उरल्या तर एक नाव.
खालपर्यंत जवळपास तेवढ्याच लांब,
आणि पाठीवर शेंदरी ग्रंथी, तर दुसरं.
लांबी जुळली. ग्रंथी दिसेनात.
काचेवर वाफ, भिंगावर वाफ,
ग्विलिमच्या चहाची वाफ माझ्या कोपराशी.
मग ढग सरला की कुणी दार उघडलं, कोण जाणे,
शिरेवर चिमूटभर तिखट सांडल्यागत ठिपके.

दुसरं नाव. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ परोपजीवी.

म्हणजे हे दुसऱ्याच्या जिवावर जगतं? ग्विलिमने विचारलं.
नाही. मुळं मातीत आहेत, बघ. पानं हिरवी.
आपलं आपण रांधून खातं.
फार पूर्वी कुणाचा तरी गैरसमज झाला असेल.
मग बदला की नाव.
बदलता येत नाही. नियम आहे.
आधी ठेवलेलं टिकतं, खोटं असलं तरी.

तो डब्याकडे बघत राहिला.
त्याच्या बापाला खाणीत सगळे 'लकी' म्हणायचे, म्हणाला.
पुढचं काही बोलला नाही.

मीही सांगितलं नाही, की आंबोलीखाली
आमच्या ओहोळाकाठी हे गुडघाभर माजायचं.
गुरं तोंड लावत नसत, भाजी होत नसे,
औषधालाही कुणी नेत नसे, म्हणून नावच नव्हतं.
हाताने बाजूला सारायचं आणि कळशी बुडवायची.
त्याच्या पाठीवर काय आहे
ते मी आज पाहिलं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी.

चिठ्ठी लिहिली. नाव. तारीख. नळाखाली, रंगाच्या डब्यात.
मूळ ठिकाण: अज्ञात, बहुधा दुसऱ्या कुणाच्या मातीतून.
'शेरा' या रकान्यात अर्धीच ओळ जागा.
तिथे लिहिलं: परोपजीवी नाही.
ब्रिस्टलला कुणी वाचेल, न वाचेल.
निदान लिहून तरी ठेवलं.

ग्विलिमने साबणाची बाटली उचलली
आणि पलीकडच्या फळीवर नेऊन ठेवली.