गारव्याचं तोंड

शालिक मेश्राम आधी नुसता बसतो,
घाम कुठं जास्त येतो ते बघतो.
पत्र्याखाली, माळ्याजवळ हात वर करून:
"इथंच लावू."

"काऊन जी? यंत्रालेबी ऊन लागंन ना?"
पंचफुलाबाईच्या हातात दुधाचं माप.

"यंत्र गरमी बनवत नाही, बाई.
उचलते.
जिथं ढीग, तिथूनच उचलंन ना?"

मोठं नको म्हणाला. लहान घ्या,
रात्रभर हळू चालू द्या.
पाइप आखूड, त्यावर जुनी गोधडी
दोन फेर, सेलूच्या बाजारातली सुतळी.

पहाटे कॅन्या धुवायला कढत पाणी.
तुराट्या तशाच, कोपऱ्यात उभ्या.

उरला गारवा.
त्याचं तोंड तो खिडकीकडं वळवत होता,
तिनं मनगट धरलं:
"वाया काऊन घालता? दुधाकडं करा."

मग, माप विसळत,
"अन् जरासं माह्याकडं."